घाटात एकाच जागी थांबणारं इंजिन: रूळ घासून न सुटणारा प्रश्न

घरात मांडलेल्या छोट्या रेल्वेबद्दलची तक्रार साधारण अशी असते. गाडी स्टेशनातून व्यवस्थित सुटते, बोगद्यातून बाहेर पडते आणि चढावर एका ठरावीक जागी अडखळून थांबते. बोटाने हलकंसं ढकललं की पुढे जाते. रूळ पुसले की दोन-तीन दिवस बरी चालते, मग पुन्हा तिथेच थांबते. पावसाळा सुरू झाला की हे रोजचं होतं. निवृत्तीनंतर घरात छोटी रेल्वे मांडणाऱ्या माझ्या ओळखीच्या जवळजवळ सगळ्यांनी हे कधी ना कधी सांगितलंय, आणि मी स्वतः एक अख्खा पावसाळा यात घालवलाय. म्हणून सविस्तर लिहितो.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. इंजिन सगळीकडेच थोडंथोडं अडखळत असेल, तर रूळ किंवा चाकं मळलेली आहेत. पुसा, काम होईल. पण ते नेहमी एकाच जागी थांबत असेल, तर घासणं थांबवा. तिथे वीज पुरेशी पोचत नाही, आणि ती अडते बहुतेक वेळा रुळांच्या जोडात.

माझी मांडणी एचओ मापाची आहे, म्हणजे १:८७. रुळांमधलं अंतर १६.५ मि.मी. (आपली ब्रॉडगेज १६७६ मि.मी. आहे. १:८७ ने ती १९ मि.मी.च्या थोडी वर जाते, त्यामुळे या रुळांवर आपली गाडी जरा अरुंद पायांवर उभी दिसते. पण या मापाचे तयार रूळ सहज मिळतात, म्हणून मी ते स्वीकारलं.) विषय कर्जत ते खंडाळा. खऱ्या बोरघाटात चढ ३७ ला १ आहे आणि गाड्यांना मागून ढकलायला बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लावावे लागतात. माझा चढ ४० ला १, म्हणजे रूळ १० सें.मी. वर न्यायला ४ मीटर लांबी लागते. खोलीच्या दोन भिंती त्यातच गेल्या. घर रत्नागिरीच्या बाजूला, समुद्राच्या वाऱ्यावर. हे सगळं सांगायचं कारण असं, की चढ, लांबी आणि दमट खारी हवा या तिन्ही गोष्टी या बिघाडात एकत्र येतात.

पहिल्या पावसाळ्यात माझं इंजिन घाटात थांबायला लागलं तेव्हा मी चढाला दोष दिला. मग डबे जड आहेत असं वाटलं, चार डबे काढले. मग चाकं पुसली. मग रूळ. रूळ पुसल्यावर फरक पडायचा, त्यामुळे माझा समज पक्काच झाला. जून ते ऑगस्ट मी दर दोन दिवसांनी रूळ पुसत होतो.

खरा धागा सापडला तो घरातूनच. घाटाच्या वरच्या स्टेशनात मी तांदळाच्या दाण्याएवढा एक दिवा लावलाय, त्याची जोडणी थेट रुळांवरूनच केलेली. एका संध्याकाळी ही चहा घेऊन आली, जरा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, गाडी वर यायला लागली की तो दिवा मिणमिणतो. गाडी खाली असली की नीट लागतो.” मी नियंत्रकाची (रुळांना कमी-जास्त वीज देणाऱ्या पेटीची) कळ पूर्ण वर ठेवली आणि पुन्हा गाडी सोडली. तसंच झालं. रूळ मळल्यामुळे दुसरीकडचा दिवा मंद होत नाही. इंजिन जास्त वीज ओढत होतं आणि वाटेत कुठेतरी व्होल्ट सांडत होते.

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात झाली. ट्रॅक सर्किट म्हणजे रुळांमधून सोडलेली थोडीशी वीज. गाडीची चाकं त्या रुळांवर आली की वीज दोन रुळांमध्ये चाकांवाटे वळते, रिले (विजेवर चालणारा स्विच) पडतो आणि सिग्नलला कळतं की इथे गाडी आहे. त्यात रुळांच्या प्रत्येक जोडावर फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या, भरवशावर राहत नाहीत. दोन रुळांना भोकं पाडून बाँड वायर ठोकतात, कारण फिशप्लेटखाली गंज धरला की तिच्यातून वीज जाईलच याची खात्री नसते. एक बाँड तुटली तर रिकामा रूळ भरलेला दिसायला लागतो. हे मी लाइनवर असंख्य वेळा पाहिलेलं. घरातल्या रुळांच्या जोडावर तोच प्रश्न उभा होता, आणि इथे एकही बाँड नव्हती.

आधी ठरवा: दोष इंजिनात की रुळात?

इंजिन मऊ टॉवेलवर उताणं ठेवा आणि नियंत्रकाच्या दोन तारा चाकांना लावा. पाच मिनिटं एकसारखं चाललं, तर इंजिन ठीक आहे. मधेच थांबत असेल, तर चाकांच्या पाठीला टेकणाऱ्या पितळी पट्ट्या बघा. तिथे केस, कापडाचे धागे आणि धूळ अडकते, विशेषतः गाडी जमिनीवर चालवत असाल तर. चिमट्याने काढा. शक्य असेल तर दुसरं इंजिनही त्याच रुळावर चालवून बघा. दोन्ही एकाच जागी थांबली, की रुळाकडे वळा.

मल्टिमीटर एकटा फसवतो

इथे बहुतेक जण चुकतात. इंजिन थांबतं त्या जागी व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरच्या सुया दोन रुळांवर टेकवल्या की पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. मग वाटतं, वीज तर आहे. पण मल्टिमीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. जोड कितीही गंजलेला असला तरी त्याच्यासाठी पुरेशी वीज त्यातून झिरपते. ओझं घातल्याशिवाय दोष दिसत नाही.

ओझं म्हणून मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब घ्या. तो साधारण ०.४ अँपिअर ओढतो, म्हणजे चढावरच्या इंजिनाइतकाच समजा. त्याला दोन तारा आणि दोन मगरचिमटे लावा. नियंत्रक पूर्ण वर ठेवून आधी बल्ब नियंत्रकाच्या जवळच्या रुळांना लावा, उजेड डोळ्यात साठवा. मग इंजिन थांबतं तिथे लावा. उजेड उतरला, तर दोष तुमच्या हाती आला. माझ्याकडे खाली १२ व्होल्ट होते, आणि वर बल्ब लावल्यावर ८.६.

आता बल्ब वरच लावलेला ठेवा. मल्टिमीटरच्या दोन्ही सुया एकाच रुळावर, जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे टेकवा. चांगल्या जोडावर आकडा शून्याच्या अगदी जवळ येतो. माझ्या घाटातल्या बाहेरच्या रुळावर, भिंतीकडच्या बाजूला, एका जोडावर २.१ व्होल्ट दिसले. एकाच जोडात! आणखी दोन जोडांत मिळून एक व्होल्टच्या आसपास. तीन महिने रूळ पुसले, आणि दोष शोधायला वीस मिनिटं लागली.

मग पुसल्यावर फरक का पडायचा? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता, म्हणून मी मुद्दाम करून पाहिलं. रूळ न पुसता फक्त त्या जोडावर बोटाने दाबून रूळ थोडा हलवला. बल्ब लगेच उजळला. पुसताना आपण रुळावर जोर देतो, त्यामुळे फिशप्लेट किंचित सरकते, आतला थर खरवडला जातो आणि दोन-तीन दिवस वीज नीट जाते. म्हणजे आराम कापडामुळे पडत नव्हता, हाताच्या दाबामुळे पडत होता. पुसायच्या कापडाला श्रेय देत बसलो की खरा जोड कधीच सापडत नाही.

चढावरच का, याचंही उत्तर इथेच आहे. जोडातली व्होल्टची गळती ओढल्या जाणाऱ्या विजेच्या प्रमाणात वाढते. सपाटीवर इंजिन कमी ओढतं, गळतीही कमी, गाडी निघून जाते. चढावर मोटारीला जास्त वीज लागते, नेमकी तेव्हाच गळती वाढते.

जोड का बिघडतात

मॉडेलमधली फिशप्लेट म्हणजे पातळ पत्र्याची खोळ. मांडणी दोन-चार वेळा बदलली की ती सैल होते. रुळांना गंजाचा रंग दिला तर तो रंग आत शिरतो. आणि एक कारण सहसा कोणी सांगत नाही: खडी चिकटवायला आपण सुतारकामाचा पांढरा गोंद पाण्यात पातळ करून टाकतो, तो केशाकर्षणाने फिशप्लेटमध्ये ओढला जातो आणि वाळला की आत विजेला अडवणारा पापुद्रा होतो. खडी टाकली की बिघाड सुरू झाला, असं ज्यांना आठवतं त्यांनी इथेच बघावं. खडी टाकण्याआधी जोडाला तार लावलेली असेल, तर या गोंदाचा काही त्रास नाही.

रूळ कशाचे आहेत हेही पाहा. हल्लीचे बहुतेक रूळ जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात चांदी आहे, आत तांबं, निकेल आणि जस्त. आपल्याकडे या धातूची भांडी असायची, त्यामुळे नाव ओळखीचं आहे. ते सहज गंजत नाही, पण विजेला तांब्याच्या बारा-पंधरा पट किंवा त्याहूनही जास्त अडवतं. त्यामुळे एका टोकाला दोन तारा लावून सहा-सात मीटर रूळ चालवायचा म्हटलं, तर जोड चांगले असले तरी टोकाला गाडी मंदावते. जुन्या पितळी रुळांवर काळा थर लवकर चढतो. आणि स्वस्त संचातले पोलादी रूळ कोकणात एका पावसाळ्यात तांबडे होतात. ते असतील तर बदलाच, त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

दुरुस्ती

फळीखालून दोन जाड तारा पूर्ण मांडणीभर फिरवा. घरातल्या वायरिंगची १.५ चौ.मि.मी.ची तांब्याची तार पुरते. एक लाल, एक काळी, आणि कुठल्या रुळाला कुठला रंग हे शेवटपर्यंत बदलू नका. मग रुळाच्या प्रत्येक तुकड्याला एक-एक बारीक, आखूड तार लावून खालच्या जाड तारेला जोडा. प्रत्येक तुकड्याला स्वतःची वीज मिळाली की फिशप्लेटचं काम फक्त रूळ सरळ धरण्याचं उरतं. मार्ग स्वतःकडे वळून येणारा असेल, तर लाल-काळ्याची गाठ पडून शॉर्ट होतो. तिथे रूळ कापून प्लॅस्टिकचा जोड द्यावाच लागतो.

सोल्डरिंगची भीती वाटते, ती मुख्यतः स्लीपर (रुळांखालच्या प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्या) वितळण्याची. रुळाची बाहेरची बाजू बारीक कानसीने चकचकीत करा, तारेचं टोक आणि रुळाची जागा दोन्ही आधी कथलाने माखून घ्या. दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवा. ४० ते ६० वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पूर्ण तापू द्या आणि दोन-तीन सेकंदांत काम आटोपा. कमी तापलेली इस्त्री जास्त वेळ धरली की स्लीपर हमखास वितळतो. फ्लक्स (कथील नीट धरावं म्हणून लावतात तो पदार्थ) राळेचा वापरा. आम्लाचा वापरला तर तो मागे राहून जोड खातो. आतल्या बाजूला कथील लागू देऊ नका, चाकाची कड तिथे आपटते.

सगळेच जोड सोल्डरने बंद करू नका. तीन मीटर रुळात वीस अंशांच्या फरकाने जवळजवळ एक मि.मी. लांबी वाढते, आणि दमट हवेत प्लायवुड त्याहून जास्त हलतं. मोकळी जागा नसेल तर उन्हाळ्यात रूळ धनुष्यासारखा वाकतो. वळणावरचे जोड मी सोल्डर केलेत, सरळ भागातले मोकळे ठेवलेत.

आता वयाबद्दल. फळीखाली पाठीवर झोपून, हात वर करून सोल्डर करणं तरुणपणीही धोक्याचं असतं, तापलेलं कथील चेहऱ्यावर पडतं. साठीनंतर तर मान आणि गुडघेही साथ देत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकाने नेमक्या याच कारणाने वायरिंग अर्धवट सोडलं आणि मांडणी चादरीखाली गेली. याचं मला फार वाईट वाटतं, कारण दोष वायरिंगच्या जागेचा होता, त्यांच्या हातांचा नव्हता. मी फळीला भिंतीच्या बाजूने बिजागऱ्या लावल्या. डबे उतरवून ठेवले की फळी पेटीच्या झाकणासारखी वर उघडते, खाली टेकू लावतो आणि खुर्चीवर बसून सगळं काम समोर करतो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी बारीक तारा फळीच्या पुढच्या कडेपर्यंत आणून तिथे स्क्रूच्या पट्टीत जोडाव्यात, खाली जायची गरजच पडत नाही. डोक्याला लावायचं भिंग आणि खिडकीजवळ छोटा पंखा, हे दोन्ही हवंच. कथलाचा धूर नाकात जाऊ देऊ नका.

सांध्यावर थांबत असेल तर

सांधा म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते ती जागा. तिथे वेगळंच असतं. अनेक सांध्यांमध्ये टंग रेल (सरकणारा टोकदार रूळ) स्टॉक रेलला (शेजारच्या स्थिर रुळाला) टेकते, त्या टेकण्यातूनच पुढे वीज जाते. तिथे खडीचा एक कण किंवा वाळलेला गोंद आला की पुढचा मार्ग मेला. काडीपेटीच्या काडीला कापड गुंडाळून दोन्हींच्या कडा पुसा, आणि पुढच्या दोन्ही रुळांना वेगळी तार द्या. मधलं क्रॉसिंग, म्हणजे दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, प्लॅस्टिकचं असेल, तर त्यावर वीज नसतेच. लांब इंजिन ते ओलांडून जातं, पण सहा चाकांचं छोटं शंटिंग इंजिन हळू जाताना नेमकं तिथे अडकतं. धातूचं क्रॉसिंग असेल तर सांध्याबरोबर बदलणाऱ्या छोट्या स्विचमधून त्याला वीज देता येते.

डिजिटल नियंत्रण वापरणाऱ्यांना एक सोपी चाचणी करता येते. दर मीटरवर पाच रुपयांचं नाणं दोन रुळांवर आडवं टेकवा. यंत्रणेने तत्क्षणी वीज तोडली पाहिजे. नाणं टेकवूनही वीज चालू राहिली, तर नाणं लगेच उचला. त्या भागाच्या तारा अपुऱ्या आहेत आणि खरा शॉर्ट झाला की इंजिनातलं सर्किट जळू शकतं. शॉर्ट झाल्यावर आपोआप तुटणारी यंत्रणा असेल तरच ही चाचणी करा. साध्या डीसी नियंत्रकावर करू नका.

पुसणं

पुसणं लागतंच, फक्त ते शेवटी. सँडपेपर कधीच वापरू नका. त्याचे ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण काजळी त्यातच धरते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेलं सुती कापड चालतं. ते पेट घेतं, म्हणून वीज बंद आणि खिडकी उघडी. इंजिनाच्या रंगाला मात्र लागू देऊ नका. चाकांसाठी तेच कापड रुळांवर आडवं ठेवा, इंजिनाची एक बोगी (खालचा चाकांचा एक संच) कापडावर आणि दुसरी रुळावर ठेवून हाताने धरा आणि वीज अगदी थोडी द्या, पण कापडावरचा ओलावा आधी उडून जाऊ द्या. कापडावर दोन काळ्या रेघा उमटतात. मग बोगी बदला. डब्यांची प्लॅस्टिकची चाकंही पुसा, काजळी रूळभर पसरवण्यात त्यांचा मोठा हात असतो. रुळावर मऊ पेन्सिलीचं ग्रॅफाइट घासायचा उपाय सांगतात, तो सपाटीवर उपयोगी पडतो. घाटात नको, चाकं घसरतात.

मुलाकडे महिनाभर जाऊन आलं की गाडी सगळीकडेच कुरकुरते. तो साधा थर असतो, एकदा पुसून अर्धा तास गाडी फिरवली की जातो. त्याचा घाटातल्या त्या जोडाशी संबंध लावू नका. दोन दुखणी वेगळी आहेत, आणि ती एकत्र केली की मी केलं तसं माणूस चुकीच्या जागी औषध लावत राहतो.

माझ्या घाटात आता प्रत्येक तुकड्याला तार आहे. एकोणीस तुकडे, अडतीस तारा, दिवसाला तीन-चार अशा लावल्या, म्हणून दहा-बारा दिवस गेले. वरच्या स्टेशनात बल्ब लावल्यावर मल्टिमीटर ११.७ दाखवतो आणि सात डबे व मागून बँकर अशी गाडी न थांबता चढते. दिवाही मिणमिणत नाही. शाळेच्या वहीत मी प्रत्येक जोडाचा आकडा तारखेसह लिहून ठेवतो: एकदा मे अखेरीस, पाऊस येण्याआधी, आणि एकदा गणपती झाल्यावर. बिजागरीजवळचा एक जोड या मे महिन्यात ०.०३ वरून ०.२ झाला. तिथे फळी दर वेळी हलते, म्हणून तार ताठ होऊन सुटत असावी असा माझा अंदाज आहे. तिथे आता बारीक धाग्यांची लवचिक तार लावली आहे, गणपतीनंतर पुन्हा मोजेन.